दोन माश्या, एक दही आणि एक फोन: बुद्धिबळातील फसवणुकीच्या आरोपांचा इतिहास

१/
ऑगस्ट १९७२. आइसलँडची राजधानी रेक्याविक. जागतिक अजिंक्यपदाची लढत ऐन रंगात आलेली असताना खेळाडूंच्या खुर्च्यांची क्ष-किरण तपासणी झाली आणि रंगमंचावरचे दिवेही उघडून पाहण्यात आले. एका खेळाडूच्या पथकाला संशय होता की तेथे एखादे गुप्त उपकरण दडवलेले आहे. कसून शोध घेतल्यावर दिव्यात सापडल्या त्या दोन मेलेल्या माश्या!
हा प्रसंग विनोद म्हणून नेहमी सांगितला जातो. पण त्यामागचा प्रश्न गंभीर आहे: बुद्धीच्या खेळात फसवणूक झाली, हे सिद्ध कसे करायचे? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/
सुरुवातीला एक भेद स्पष्ट करू. बुद्धिबळातले आरोप साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला संगनमताचा: काही खेळाडूंनी आपसांत निकाल ठरवून घेतले. दुसरा उपद्रवाचा: प्रतिस्पर्ध्याचे चित्त विचलित करण्यासाठी गैरमार्ग वापरला. तिसरा बाहेरच्या मदतीचा: चाल खेळाडूला स्वतः सुचलेली नव्हती, ती कोणीतरी पुरवली.
विसाव्या शतकात पहिल्या दोन प्रकारांचा बोलबाला होता. एकविसाव्या शतकाने तिसऱ्याने सारा पट व्यापला. आरोपाचा प्रकार बदलला तसे पुराव्याचे स्वरूपही बदलले, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

३/
बाहेरच्या मदतीची सर्वांत प्रसिद्ध जुनी कथा उलट्या दिशेची आहे. १७७० च्या सुमारास वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारे यंत्र सादर केले. तुर्की वेशातला हा पुतळा पुढे युरोप-अमेरिकेत गाजला. आत अर्थातच एक माणूस लपलेला असे.
१८३६ साली एडगर ॲलन पो याने या यंत्रावर निबंध लिहिला. आत माणूस आहे, हा त्याचा निष्कर्ष अचूक होता. पण त्याचा एक युक्तिवाद पाहा: हे खरे यंत्र असते तर ते प्रत्येक डाव जिंकले असते! निष्कर्ष बरोबर निघाला म्हणून तर्कही बरोबर ठरत नाही. हा धडा पुढे उपयोगी पडणार आहे.

४/
आता येऊ १९६२ मध्ये. कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ बेटावर कँडिडेट्स स्पर्धा झाली. आठ खेळाडू, प्रत्येकाशी चार-चार डाव. विजेता जगज्जेत्या बोट्विनिकला आव्हान देणार. या स्पर्धेत पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर हे तीन सोव्हिएत खेळाडू एकमेकांशी एकूण १२ डाव खेळले आणि १२ ही डाव बरोबरीत सुटले, तेही सरासरी सुमारे १९ चालींत. थोडक्यात, इतर खेळाडू घाम गाळत असताना हे तिघे विश्रांती घेत होते.
पेट्रोस्यान पहिला आला. केरेस आणि गेलर त्याच्यापेक्षा अवघ्या अर्ध्या गुणाने मागे राहिले. १९ वर्षांचा बॉबी फिशर चौथा आला.

५/
फिशर गप्प बसला नाही. त्याच वर्षी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी साप्ताहिकात लेख लिहून त्याने रशियनांवर उघडपणे संगनमताचा आरोप केला. पराभूताची कुरकुर म्हणून अनेकांनी त्याकडे पाहिले, आणि ते अगदीच निराधार नव्हते. फिशर त्या स्पर्धेत विजेत्यापेक्षा साडेतीन गुणांनी मागे होता.
तरीही फिडेने या टीकेची दखल घेतली. पुढच्या चक्रापासून कँडिडेट्स स्पर्धा बाद फेरीच्या सामन्यांच्या स्वरूपात खेळवली जाऊ लागली. समोरासमोरच्या सामन्यात तिघांचा समझोता चालतच नाही. कोणालाही दोषी न ठरवता नियमाची पळवाट बुजवली गेली.

६/
पुढे काय सिद्ध झाले? त्या वेळी सोव्हिएत पथकासोबत असलेले ग्रँडमास्टर युरी अव्हेरबाख यांनी अनेक वर्षांनी या तिघांमध्ये बरोबरीचा समझोता असल्याचे मान्य केले. चार्ल्स मूल आणि जॉन नाय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९४० ते १९६४ या काळातील स्पर्धांच्या निकालांचे सांख्यिकी विश्लेषण केले, तेव्हा सोव्हिएत खेळाडूंच्या आपसांतील बरोबऱ्यांचा साचा संगनमताशी जुळणारा आढळला.
म्हणजे इथे पुरावे दोन, आणि एकमेकांपासून स्वतंत्र: आतल्या माणसाची कबुली आणि दोन दशकांहून अधिक काळातील शेकडो डावांचे आकडे. इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा भक्कम जोडी क्वचितच मिळते.

७/
त्यानंतर दहा वर्षांनी रेक्याविक. फिशर विरुद्ध बोरिस स्पास्की. आता आरोप करण्याची पाळी सोव्हिएत पथकाची होती. फिशर आघाडीवर होता आणि स्पास्कीचा खेळ खालावला होता. क्युरासाओच्या त्रिकुटातला येफिम गेलर आता स्पास्कीचा साहाय्यक होता. त्याने निवेदन काढले: अमेरिकी बाजू विद्युत-उपकरणे किंवा रासायनिक द्रव्ये वापरून स्पास्कीवर परिणाम घडवत असावी!
आइसलँडच्या यंत्रणेने हा संशय हसण्यावारी नेला नाही, तपासून पाहिला. निष्पन्न झाल्या त्या दोन माश्या. फिशरने ही लढत १२.५–८.५ अशी जिंकली. तपासणीमुळे संशयितांची नाचक्की झाली नाही; उलट संशयाचा निकाल लागला.

८/
१९७८, फिलिपीन्समधील बागियो. अनातोली कार्पोव्ह विरुद्ध व्हिक्टर कोर्चनॉय. कोर्चनॉय १९७६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे सोव्हिएत संघाकडे पाठ फिरवून पश्चिमेत राहिला होता. त्याची पत्नी आणि मुलगा मात्र मायदेशातच अडकून पडले होते. या पार्श्वभूमीवर पटावर केवळ अजिंक्यपद नव्हते, हे सहज लक्षात यावे.
दुसऱ्या डावाच्या वेळी कार्पोव्हला दह्याचा पेला आणून देण्यात आला. कोर्चनॉयच्या गोटातून लेखी आक्षेप आला: दही कोणत्या वेळी आणि कोणत्या स्वादाचे येते, यातून सांकेतिक संदेश जाऊ शकतो. अखेर दही ठरावीक वेळी आणि ठरलेल्या प्रकारचेच द्यावे, असे ठरले.

९/
दह्यानंतर नजर. कार्पोव्हच्या गोटातील मानसशास्त्रज्ञ व्लादिमीर झुखार प्रेक्षकांत बसून कोर्चनॉयकडे टक लावून पाहत. ते संमोहनाचा प्रयोग करीत आहेत, असा कोर्चनॉयचा आरोप होता. उत्तर म्हणून तो आरशासारखा चकाकणारा चष्मा घालून पटावर बसू लागला. पुढे त्याने आनंदमार्ग पंथाच्या दोन अनुयायांना ध्यानधारणेच्या मार्गदर्शनासाठी सोबत घेतले. मूळच्या भारतीय पंथातले हे दोघे एका भारतीय अधिकाऱ्यावरील हल्ल्याच्या खटल्यात जामिनावर सुटलेले असल्याने नवाच वाद उभा राहिला.
५–२ असा मागे पडलेला कोर्चनॉय ५–५ पर्यंत पोहोचला, पण ३२ वा डाव आणि अजिंक्यपद कार्पोव्हने जिंकले.

१०/
या हकिकती वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. पण ज्या काळात महासत्ता एकमेकींच्या वकिलातींत खरोखर ध्वनिग्राहक बसवत होत्या, त्या काळात खुर्चीत यंत्र असल्याचा संशय घेणारा माणूस वेडा नव्हता. संशय नेहमी आपल्या काळाची भाषा बोलतो. शीतयुद्धात ती हेरगिरीची आणि संमोहनाची होती.
या काळातील आरोपांचा एक गुण मात्र आवर्जून नोंदवायला हवा. खुर्ची उघडता येत होती, दह्याची वेळ ठरवता येत होती, झुखार यांना मागच्या रांगेत बसवता येत होते. आरोप एखाद्या वस्तूविषयी असे, आणि वस्तूची तपासणी शक्य असते.

११/
१९९७ मध्ये चित्र पालटले. न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ संगणकाशी खेळला. दुसऱ्या डावात यंत्राने प्यादी मिळवण्याचा मोह टाळून प्रतिस्पर्ध्याची कोंडी करणारी शांत चाल खेळली. यंत्र असे खेळत नाही, असे कास्पारॉव्हला वाटले. त्याने मॅराडोनाच्या ‘देवाच्या हाता’ची आठवण काढली आणि यंत्राच्या गणनेच्या नोंदी मागितल्या.
सामना त्याने २.५–३.५ असा गमावला. आयबीएमने नोंदी नंतर प्रसिद्ध केल्या, फेरलढत मात्र झाली नाही. केम्पेलेनच्या यंत्रात माणूस असल्याचा तो जुना संशयच पुन्हा डोके वर काढत होता. फरक एवढाच की आता आक्षेप वस्तूवर नव्हता, तो थेट चालीवर होता.

१२/
दहा वर्षेही उलटली नाहीत तोच प्रश्न उलटा झाला. २००६, रशियातील काल्मिकियाची राजधानी एलिस्ता. व्लादिमीर क्रॅमनिक विरुद्ध व्हेसेलिन टोपालोव्ह. चार डावांनंतर क्रॅमनिक ३–१ असा पुढे होता. टोपालोव्हचे व्यवस्थापक सिल्व्हियो डॅनाइलोव्ह यांनी तक्रार केली की क्रॅमनिक संशय यावा इतक्या वेळा स्वच्छतागृहात जातो, आणि तिथे कॅमेरे नाहीत.
दोघांची खासगी स्वच्छतागृहे बंद करून सामायिक सोय देण्याचा निर्णय झाला. क्रॅमनिकने निषेध म्हणून पाचवा डाव खेळण्यास नकार दिला आणि तो गुण गमावला. सामना पुढे ६–६ असा बरोबरीत राहिला. जलद डावांत क्रॅमनिक २.५–१.५ असा जिंकला. त्याच्याविरुद्ध पुरावा काही मिळाला नाही.

१३/
एलिस्तातली खरी ऐतिहासिक घटना स्वच्छतागृहापलीकडची आहे. डॅनाइलोव्ह यांनी क्रॅमनिकच्या चाली ‘फ्रिट्झ ९’ या संगणक-कार्यक्रमाच्या चालींशी किती टक्के जुळतात, याचे आकडे जाहीर केले. चालींची टक्केवारी आरोपपत्र म्हणून अजिंक्यपदाच्या लढतीत अवतरली ती इथे.
बफेलो विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक केनेथ रेगन यांनी याच वादातून आपले संशोधन सुरू केले. असल्या आकड्यांतला दोष सोपा आहे. प्रतिस्पर्ध्याने वजीर मारला तर तुम्ही उलट मारणारच. तिथे तुमची चाल संगणकाशी जुळणारच. जुळणी मोजण्याआधी ती चाल शोधणे किती कठीण होते, हे मोजायला हवे.

१४/
आता सिद्ध झालेली प्रकरणे पाहू. २०१०, रशियातील खांती-मान्सीस्क येथील ऑलिम्पियाड. फ्रान्सच्या संघातील सेबास्तियाँ फेलेर याला मदत कशी मिळत होती? फ्रान्समध्ये बसलेला साथीदार संगणकावर डाव तपासून लघुसंदेशाने चाल कळवी. सभागृहातला संघाचा मार्गदर्शक आर्नो ओशार ठरावीक पटामागे उभा राहून ती चाल खेळाडूला सुचवी. कोणता पट म्हणजे कोणता चौकोन, हे आधीच ठरलेले.
हे उघडकीस आले ते फ्रेंच महासंघाच्या पदाधिकारी महिलेच्या नजरेस फोनवरचा एक संदेश पडल्यामुळे. फेलेरवर २ वर्षे ९ महिन्यांची बंदी आली.

१५/
दुसरे प्रकरण २०१९ चे. इगोर्स राउसिस हा ग्रँडमास्टर पन्नाशी उलटल्यानंतर २७०० गुणांकनाच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. या वयात एवढी चढण अनेकांना खटकत होती. पण स्त्रासबूर्ग येथील स्पर्धेत तो स्वच्छतागृहात फोन वापरताना सापडला तेव्हाच संशयाचे रूपांतर पुराव्यात झाले. त्याने कबुली दिली. त्याच्यावर सहा वर्षांची बंदी आली आणि ग्रँडमास्टर किताब काढून घेण्यात आला.
दोन्ही प्रकरणांत निर्णायक ठरले ते काय? एक संदेश, एक फोन. नीरस, कागदोपत्री, हाताला लागणारा पुरावा. गाजलेल्या आरोपांपेक्षा सिद्ध झालेले गुन्हे बरेच कमी नाट्यमय असतात.

१६/
मग संशय इतका का बोकाळला? कारण यंत्राची ताकद. २००६ च्या अखेरीस बॉन येथे ‘डीप फ्रिट्झ’ने जगज्जेत्या क्रॅमनिकला ४–२ असे हरवले. २००९ मध्ये ब्युनोस आयर्स येथील स्पर्धेत मोबाइल फोनवर चालणाऱ्या ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ ने १० पैकी ९.५ गुण मिळवले. जगज्जेत्याहून बलवान खेळाडू आता खिशात मावत होता.
शिवाय अव्वल खेळाडूला प्रत्येक चाल सांगावी लागत नाही. ‘या क्षणी काहीतरी आहे, विचार कर’ एवढी खूण एका डावात एक-दोनदा मिळाली तरी पुरते. आणि एवढीशी खूण आकडेवारीत जवळपास दिसत नाही. प्रामाणिक खेळाडूची अडचण इथेच सुरू होते.

१७/
४ सप्टेंबर २०२२, सेंट लुईस येथील सिंकफील्ड चषक. १९ वर्षांच्या हान्स नीमनने काळ्या मोहऱ्यांनी खेळून मॅग्नस कार्लसनला हरवले. दुसऱ्या दिवशी कार्लसनने स्पर्धा सोडली. तो स्पष्ट काही बोलला नाही, एक सूचक चित्रफीत मात्र त्याने प्रसारित केली. जगाने अर्थ लावायचा तो लावला.
नीमनने कबूल केले की १२ व्या आणि १६ व्या वर्षी त्याने ऑनलाइन डावांत फसवणूक केली होती. समोरासमोर कधीही नाही. चेस डॉट कॉमने ७२ पानी अहवालात म्हटले की त्याने १०० हून अधिक ऑनलाइन डावांत बहुधा फसवणूक केली असावी. मात्र प्रत्यक्ष पटावरील फसवणुकीविषयी त्यांनी निष्कर्ष काढला नाही.

१८/
नीमनने १० कोटी डॉलरचा दावा ठोकला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि पुढे तडजोड झाली. फिडेच्या चौकशीत प्रत्यक्ष पटावरील फसवणुकीचा पुरावा मिळाला नाही. सबळ कारणाविना स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसनला १०,००० युरोंचा दंड झाला; त्याच्यावरील इतर आरोप मात्र मान्य झाले नाहीत.
मग जिंकले कोण? कोणीच नाही. नीमनचा ऑनलाइन पूर्वेतिहास खरा होता, त्यामुळे संशय हवेतून आलेला नव्हता. पण पूर्वेतिहास हा त्या विशिष्ट डावाचा पुरावा होऊ शकत नाही. एखाद्या बखरकाराने एका ठिकाणी अतिशयोक्ती केली म्हणून तिचे प्रत्येक पान खोटे ठरत नाही. प्रत्येक विधान वेगळे तपासावे लागते.

१९/
आकडे कसे फसवतात, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. नाणे दहा वेळा उडवले आणि दहाही वेळा छापा पडला, याची शक्यता १०२४ मध्ये एक. अशा माणसाला पाहून आपण म्हणू, नाणे खोटे आहे. पण दहा हजार माणसांनी असे नाणे उडवले तर साधारण दहा जणांना दहाही छापे पडतीलच, आणि ते सारे प्रामाणिक असतील.
इंटरनेटवर रोज लाखो डाव खेळले जातात. त्यांतून एक विलक्षण मालिका निवडून ‘हे अशक्य आहे’ असे म्हणणे म्हणजे आधी बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढणे. क्युरासाओच्या अभ्यासात वर्तुळ आधी आखलेले होते: सोव्हिएत विरुद्ध सोव्हिएत. फरक हा आहे.

२०/
आणि आता इतिहासातील कटू विरोधाभास. एलिस्तात ज्याच्यावर टक्केवारीच्या आधारे संशय घेतला गेला, तोच क्रॅमनिक २०२३ पासून आकडेवारी मांडून इतरांवर संशय घेऊ लागला. हिकारू नाकामुराने ऑनलाइन अतिजलद डावांत ४६ पैकी ४५.५ गुण मिळवल्यावर त्याने प्रश्न उपस्थित केले. चेस डॉट कॉमने ते ग्राह्य धरले नाहीत.
अमेरिकी ग्रँडमास्टर डॅनियल नारोदित्स्की हाही त्याच्या आरोपांचे लक्ष्य होता. नारोदित्स्कीने ते नाकारले. आपल्यावर त्याचा किती ताण आला, हे तो बोलून दाखवत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्यानंतर फिडेने क्रॅमनिकच्या वर्तनाविषयी आपल्या नीतिविषयक आयोगाकडे तक्रार दाखल केली.

२१/
इथे आपलीही परीक्षा आहे. नारोदित्स्कीच्या जाण्याने जगभर संताप उसळला आणि अनेकांनी थेट एका माणसाला त्या मृत्यूसाठी जबाबदार धरले. परंतु ज्या तत्त्वाने आपण नारोदित्स्कीच्या बाजूने उभे राहतो, तेच तत्त्व इथेही लागू होते: पुराव्याविना कार्यकारणभाव जोडायचा नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की पुराव्याविना, जाहीरपणे आणि वारंवार केलेल्या संशयाची किंमत एका हाडामांसाच्या माणसाने दीर्घकाळ मोजली. ‘मी आरोप करत नाही, फक्त प्रश्न विचारतो’ या वाक्याआड ती किंमत लपत नाही.

२२/
आपल्या जवळचे उदाहरण १२ डिसेंबर २०२४ चे, सिंगापूरमधले. चौदाव्या डावात ५५ व्या चालीवर डिंग लिरेनने हत्ती चुकीच्या घरात नेला आणि १८ वर्षांचा डी. गुकेश जगज्जेता झाला. रशियन महासंघाचे प्रमुख आंद्रेई फिलातोव्ह यांनी डिंग मुद्दाम हरल्याचा संशय व्यक्त करून चौकशीची मागणी केली. चुका हा खेळाचाच भाग असतो, असे सांगून फिडेच्या अध्यक्षांनी त्याला दाद दिली नाही.
क्युरासाओत १२ डावांचा साचा होता. इथे थकलेल्या माणसाची एक चूक होती. चांगली चाल संशयास्पद आणि वाईट चालही संशयास्पद ठरू लागली, तर खेळाडूने खेळायचे तरी काय?

२३/
म्हणून असा एखादा नवा आरोप वाचनात आला की चार प्रश्न विचारावेत.
आरोप कोण करतो, आणि हरल्यानंतर करतो का?
मदत नेमकी कोणत्या मार्गाने मिळाली, हे सांगितले आहे का?
आकडे आधी ठरवलेल्या कसोटीवर तपासले की हवे ते वेचले?
आणि सर्वांत महत्त्वाचे: आरोप खोटा असेल तर तो खोटा ठरवण्याचा काही मार्ग आरोपीपुढे शिल्लक आहे का?
चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो आरोप तपासण्याजोगाच नाही.

२४/
फसवणूक होत नाही, असे मुळीच नाही. क्युरासाओ, फेलेर आणि राउसिस यांनी ते दाखवून दिले आहे. सुरक्षा-तपासणी, प्रक्षेपणातील विलंब, फोनबंदी हे उपाय त्यासाठीच आहेत, आणि ते सर्वांना सारखे लागू होत असल्याने कोणाचाही अवमान करीत नाहीत.
१९७२ च्या संशयाला निदान उत्तर तरी मिळाले. खुर्ची तपासली, दिवे उघडले, दोन माश्या निघाल्या आणि खेळ पुढे सुरू झाला. माणसाच्या डोक्यातली चाल अशी उघडून पाहता येत नाही. म्हणूनच आज आरोप करणाऱ्यावरची जबाबदारी पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

धागा इथे संपतो. यांपैकी कोणत्या प्रकरणावर सविस्तर वाचायला आवडेल, ते जरूर कळवा.
#बुद्धिबळ #इतिहास #मराठी